खालची खबर वर जात नाही

श्रावणात एक पत्र आले. ज्या कंपनीत मी एकतीस वर्षे कारकुनी केली तिची स्मरणिका निघायची आहे, आणि तीत 'संवादातून प्रगती' या विषयावर मी पाचशे शब्द लिहावेत, अशी विनंती होती. कागद जाड, छपाई सुबक, आणि शेवटी एक ओळ : लेखाचा सूर सकारात्मक असावा. माझ्या कारकुनी डोळ्यांना ती शेवटची ओळच आधी दिसली. संवादावर अवश्य बोला, परंतु काय बोलायचे ते आम्ही सांगू, असा तिचा अर्थ. आणि त्या कंपनीत संवाद या शब्दाचा अर्थ गेली कित्येक वर्षे हाच चालत आला आहे. तेव्हा ते पाचशे शब्द मी लिहिले नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांच्या पाचपट शब्द या अंकाकडे धाडतो आहे. फराळाच्या ताटाशेजारी कारखान्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. ज्या घरातले कोणी ना कोणी सकाळी डबा उचलून कुठल्या तरी गेटातून आत शिरत नाही, असे घर निदान आमच्या कुळगावात तरी मला माहीत नाही.

कुळगाव म्हणजे बदलापूर स्टेशनाच्या पूर्वेचे. रेल्वेने नाव दिले ते पश्चिमेकडच्या गावाचे. आमचे नाव उरले नगरपालिकेच्या पाटीवर आणि सातबाऱ्यावर. मुंबईहून अडुसष्ट किलोमीटर. आमच्या अलीकडे अंबरनाथ, तिथे सुमारे शंभर वर्षांमागे आगपेट्यांचा कारखाना आला. त्याच्या अलीकडे उल्हासनगर. फाळणीने उठवलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीचे 1949 साली गाव झाले आणि त्या जिद्दीच्या माणसांनी खोलीखोलीत यंत्रे मांडली. मग औद्योगिक वसाहती सरकत सरकत आमच्यापर्यंत पोचल्या. या पट्ट्यात कंपनी जन्माला येते ती बहुधा पत्र्याच्या शेडमध्ये, दहा-पंधरा माणसांनिशी. त्यांतल्या काही मरतात, काही वाढतात. मला जे सांगायचे आहे ते वाढलेल्यांविषयी.

आमच्या शेडमध्ये चौदा माणसे होती, मी पंधरावा. सन 1981. पंख्यांचे आणि मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर ठोकून काढायचे काम. मालकांना सगळे 'काका' म्हणत. काका दुपारी आमच्याबरोबर जमिनीवर बसून डबा खात, आणि प्रेसचा आवाज जरा बदलला की घास तसाच ठेवून उठत. ऑर्डर गेली तर मोठ्याने सांगत, पगाराला दोन दिवस उशीर होणार असेल तर तेही सांगत. नोटीस बोर्ड नव्हता; लावायला भिंतच धड नव्हती. ऐंशी माणसे झाली तेव्हा काकांचे 'शेठ' झाले. दोनशे साठ झाली तेव्हा नवी इमारत उभी राहिली, शेठ बावीस पायऱ्या चढून वर काचेच्या केबिनमध्ये बसू लागले आणि 'एम. डी. साहेब' झाले. माणूस तोच होता, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट मालकांच्या गोष्टी सांगणे सोपे असते. आमचा मालक चांगला होता, आणि तरीही जे झाले ते झाले.

आधी माझ्या हातचे पाप सांगतो. सन 1991 च्या भाद्रपदात मालकांनी हजेरी भत्त्याचा नियम बदलला. जुना नियम असा, की महिन्यात एक खाडा झाला की त्या महिन्याचा सगळा भत्ता गेला. नवा नियम असा, की तीन महिन्यांत तीन खाड्यांपर्यंत भत्त्याला हात लागणार नाही. गौरी-गणपतीला गावी जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून मालकांनी आपण होऊन हा बदल केला होता. नोटीस मी टंकली. इंग्रजीत. 'नॉटविथस्टँडिंग' या शब्दाने ती सुरू होत होती, आणि तो शब्द एका ओळीत बरोबर बसला याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता! तीनपेक्षा अधिक खाडे झाल्यास कामगार भत्त्यास अपात्र ठरेल, असे तीत कायद्याच्या वळणाने म्हटले होते. कोणा अर्ध्या शिकलेल्याने 'तीन' आणि 'अपात्र' एवढेच वाचले. चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत बातमी झाली, की तीन खाडे झाले की भत्ता बुडाला. संध्याकाळच्या पाळीला दिवाळीचा बोनसच बंद झाला, आणि रात्रपाळीला कंपनी गुजरातेत विकली गेली. दुसऱ्या दिवशी गेटावर माणसे बसली ती अकरा दिवस उठली नाहीत. बाराव्या दिवशी एका फिटरच्या दहावीतल्या मुलीने बापाने आणलेली ती नोटीस शब्दकोश घेऊन वाचली आणि म्हणाली, "बाबा, हे तर तुमच्याच फायद्याचं आहे." अकरा दिवसांचा पगार कामगारांचा गेला, दोन ऑर्डरी मालकाच्या गेल्या. मला कोणी काही बोलले नाही. कारकुनाला दोष द्यायचे कोणाच्या मनातच येत नाही. तो बिचारा टंकतो.

कामगारांना समजेल अशा भाषेत लिहा, ही काही माझी आजची कल्पना नाही. स्थायी आदेशांचा कायदा 1946 सालचा. त्याने स्पष्ट म्हटले होते, की आदेशांचा मजकूर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दरवाजाने बहुतेक कामगार आत येतात त्या दरवाजाजवळ, खास फळ्यावर लावावा. कायदा करणाऱ्याने दरवाजासुद्धा दाखवून दिला होता! आम्ही तो फळा लावला, पण ऑफिसच्या दरवाजाशी, कारण पाहुणे तिथून येत.

संपानंतर शहाणपण सुचले आणि नोटिसा मराठीत निघू लागल्या. 'उपरोक्त संदर्भांकित परिपत्रकान्वये सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असे ते मराठी. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982 चा शिलालेख आहे. रोज शेकडो लोक त्या देवळात जातात आणि नमस्कार करून येतात. शिलालेख वाचणारा मी तरी कधी पाहिला नाही. आमच्या मराठी नोटिशीची तीच गत झाली. शिवाय तोवर अर्धे कामगार बिहार-उत्तर प्रदेशाकडचे, काही ओरिसाचे. बहुसंख्यांची भाषा म्हणजे साहेबाच्या मनातली मराठी, असे धरून चालणारे आम्ही, आणि साहेबाच्या मनातली मराठी तरी मराठी माणसाला कुठे कळत होती?

परंतु नोटीस ही वरून खाली येणारी गोष्ट. ती न कळली तर आज ना उद्या कोणाची तरी मुलगी ती वाचून दाखवते. खालून वर जाणारी गोष्ट अडली तर ती वाचून दाखवायला कोणी नसते. त्याचे चार कागद माझ्या फाइलीत होते.

सन 1994, जानेवारी. सहा नंबरच्या प्रेसवर नेवाळीकडून सायकलने येणारा एक तरुण मुलगा होता. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा ठोकळा खाली यावा, म्हणजे हात मध्ये राहायची शक्यताच नको, अशी ती व्यवस्था. एके सोमवारी त्याच्या लक्षात आले, की डावे बटण दाबल्या जागीच अडकून बसते आणि प्रेस एका हातावर चालतो. त्याने फोरमनला सांगितले. फोरमन जुना माणूस, त्याने चिठ्ठी लिहिली : 'प्रेस 6. डावे बटण अडकते. धोका आहे. प्रेस बंद ठेवू का?' हा पहिला कागद. सुपरवायझरने रोजच्या अहवालात लिहिले : 'प्रेस 6 चे बटण मधूनमधून अडकते, फिटरला सांगितले आहे.' हा दुसरा. प्रॉडक्शन मॅनेजरच्या आठवड्याच्या अहवालात आले : 'प्रेस 6 ची किरकोळ दुरुस्ती चालू, उत्पादनावर परिणाम नाही.' आणि जनरल मॅनेजरने मालकांसाठी काढलेल्या टिपणात एकच वाक्य : 'सर्व यंत्रे समाधानकारक स्थितीत आहेत.' चारी कागद माझ्या हातून गेले. चारी कागदांना मी भोके पाडली आणि तारीखवार लावून फीत बांधली. दहाव्या दिवशी त्या मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

मी ते कागद पुढे कितीदा तरी वाचले आहेत. त्या चौघांत खोटे लिहिणारा एकही नव्हता. फिटरला खरेच सांगितले होते. फिटर दुसऱ्या यंत्रावर अडकला होता. दुरुस्ती किरकोळच होती. बारा आण्यांची स्प्रिंग. उत्पादनावर परिणाम खरेच नव्हता. उलट एका हाताने प्रेस जास्त भरभर चालत होता. प्रत्येकाने आपल्या वरच्याला सांगताना फक्त तेवढाच भाग तासून टाकला होता, जो सांगितला तर आपल्याला बोलणी बसली असती. बावीस पायऱ्या चढता चढता 'धोका आहे' याचे 'समाधानकारक' झाले.

त्या रात्री मालक इस्पितळात मुलाच्या उशाशी बसून होते. ते रडले, हेही मी पाहिले आहे. पहाटे मला म्हणाले, "भाऊसाहेब, इतकी माणसं होती, मला कोणी सांगितलं कसं नाही?" प्रश्न मनापासूनचा होता. उत्तर मला माहीत होते, पण मी दिले नाही. सहा महिन्यांपूर्वी एका सुपरवायझरने भर मीटिंगमध्ये सांगितले होते, की डाय तडकली आहे, माल वेळेवर जाणार नाही. तेव्हा हेच मालक सगळ्यांसमक्ष त्याला म्हणाले होते, "अडचणी सांगायला पगार देतो का तुला?" त्या एका वाक्याची नोटीस कोणी काढली नाही, फळ्यावर कोणी लावली नाही, आणि तरी तासाभरात ते कारखान्यातल्या शेवटच्या हेल्परपर्यंत पोचले. सगळ्यांना कळेल अशा भाषेत!

आमचा कारखाना लहान, म्हणून गेली ती दोन बोटे. 1984 च्या डिसेंबरात भोपाळला एका रात्रीत हजारो माणसे गेली. तो कारखाना बिघडत चालला आहे हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. कामगारांना माहीत होते; त्यांनी तक्रारी केल्या होत्या. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने 1982 पासून आपल्या वर्तमानपत्रात तसे छापले होते. वर गेले असेल ते काय गेले असेल, याची मला माझ्या चार कागदांवरून कल्पना येते. त्यानंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला द्यावी, अशी कलमे घातली गेली. आणि 2021 च्या जूनमध्ये एका रात्री आमच्याच बदलापुरात वायू सुटला, माणसांना श्वास घेता येईना. त्या रात्री फोनवर जो तो दुसऱ्याला विचारत होता, की हे आहे काय, आणि खिडक्या लावायच्या की उघडायच्या. कलमे होती, पण रात्री साडेदहाला कलम घराघरांत येऊन सांगत नाही.

तिकडे जपानात टोयोटाच्या कारखान्यात कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असे. काही चुकते आहे असे वाटले की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि दोष तेवढ्यात निघाला नाही तर सारी ओळ थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी रागे भरत नाही. आमच्याकडे या दोरीची चित्रे नंतर एका व्याख्यानात दाखवली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोरी कोणी आणली नाही.

हे व्याख्यान 2008 सालचे. तोवर मालकांचे चिरंजीव कारभार पाहू लागले होते आणि कंपनीत 'कम्युनिकेशन' कमी पडते असे त्यांच्या ध्यानात आले होते. निदान बरोबर होते, औषध पाहा. मुंबईहून एक तज्ज्ञ आले. कर्जतजवळच्या एका हॉटेलात दोन दिवसांचे शिबिर झाले. आम्हाला फुगे फुगवायला लावले, डोळे बांधून एकमेकांना चालवायला लावले, हात कसा मिळवावा, डोळ्याला डोळा कसा भिडवावा हे शिकवले. पन्नाशीतला आमचा फोरमन, ज्याने ती पहिली चिठ्ठी लिहिली होती, तो डोळ्यांवर रुमाल बांधून हॉटेलच्या हिरवळीवर चाचपडत होता. या माणसाला संवादकला शिकवायला निघाले होते हे लोक! त्याने 1994 साली अकरा शब्दांत जे लिहिले त्याहून स्वच्छ लिहिणे मला माझ्या सगळ्या नोकरीत जमलेले नाही. त्याला बोलता येत नव्हते हा कंपनीचा आजार नव्हताच. मी तर म्हणतो, त्या शिबिराला जायचे होते ते फक्त वरच्या चौघांनी, आणि तिथे शिकवायचे होते ते फक्त गप्प बसून ऐकणे.

हल्ली शिबिरेही मागे पडली. शेजारचा फिटर अजून तिथे नोकरीला आहे, तो सांगतो की व्हॉट्सअॅपवर कंपनीचा ग्रुप आहे. नाव 'आपलं कुटुंब'. सकाळी सूर्योदयाचे चित्र, साहेबांच्या वाढदिवसाला केक, सुरक्षा सप्ताहात घोषवाक्य. आणि खाली बारीक अक्षरांत : फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात. म्हणजे कुटुंबातल्या तीनशे माणसांना जिभा नाहीत. माझी पुतणी ऐरोलीला एका मोठ्या संगणक कंपनीत आहे. ती इंग्रजी उत्तम बोलते, तिच्याकडे नोटीस वाचायचा प्रश्न नाही. मला वाटले, तिच्याकडे तरी वेगळे असेल. ती म्हणाली, "काका, आमच्याकडे टाउन हॉल असतो. नऊशे जण पडद्यावर असतात आणि सगळ्यांचे माइक बंद असतात. वर्षातून एकदा नाव न घालता मत विचारतात. पहिल्या रकान्यात एम्प्लॉयी नंबर भरायचा."

आणि हे 'कुटुंब' प्रकरण तर माझ्या अगदी डोक्यात जाते. दिवाळीत आपण सगळे घरात एकत्र आहोत म्हणून विचारतो, की कुटुंबात नोटीस बोर्ड असतो का? चकलीला मोहन कमी पडले, हे सांगायला घरच्या सुनेला कोणाच्या मार्फत जावे लागते का? लागत असेल तर त्या घरातही काही बिघडले आहे, हे आपण सगळे ओळखतो. आणि मुलगा उलटून बोलला म्हणून बाप त्याला एक महिन्याची नोटीस देत नाही. कंपनी हे कुटुंब नाही, असायची गरजही नाही. ती पगार घेऊन काम करणाऱ्या माणसांची जागा आहे आणि तिथे आपले काम सुरक्षितपणे, नीट करायला लागणारी गोष्ट वरच्याला सांगण्याचा हक्क माणसाला हवा. कुटुंब म्हटले, की हक्काची भाषा करणारा कृतघ्न ठरतो. तेवढ्यासाठीच तो शब्द वापरतात, असा माझा संशय आहे.

मालकांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. चौदा माणसांशी डबा खाताना बोलता येते, तीनशेंशी येत नाही. "माझा दरवाजा सदैव उघडा आहे," असे आमचे साहेब म्हणत आणि तो खरेच उघडा असे. पण जिन्याखाली मॅनेजरची खुर्ची होती. वर कोण गेले, किती वेळ बसले, याची मोजदाद तिथे होई. एकतीस वर्षांत त्या उघड्या दरवाजाने आपणहून वर गेलेले कामगार मी बोटांवर मोजू शकेन, आणि त्यांतले बहुतेक लग्नाची पत्रिका द्यायला गेले होते.

वाढत्या कंपनीला हे जमवता येतच नाही का? आपल्याच मुलखातला दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर विकले जाईनात. लोखंडाने जमिनीला विष भिनते, असे शेतकरी म्हणत. ते खपायला दोन वर्षे गेली. 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, आणि दहा वर्षांनी, 1920 मध्ये, कारखान्याचे मुखपत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्कर संपादक. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले, 'स्त्री' आणि 'मनोहर' ही भावंडे आली, आणि अवघ्या महाराष्ट्राच्या घरांत ती वाचली गेली. नांगराच्या कारखान्याने लोकांना कळेल अशा मराठीत बोलायचे ठरवले, त्यातून एवढे झाले. आमच्या कंपन्यांच्या गुळगुळीत कागदावरच्या इंग्रजी पत्रिका पाहतो तेव्हा मला त्या वाडीची आठवण होते. तरी मुखपत्र हे बोलण्याचे साधन झाले. मराठीत खबर देणे आणि खबर घेणे असे दोन शब्दप्रयोग आहेत, आणि आपल्याकडे दुसऱ्याचा अर्थ बहुधा झाडणे असा होतो. वरचा खालच्याची खबर घेतो म्हणजे त्याला सोलून काढतो!

दोष मालकांच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांतला मी नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आणि साहेब यांच्यामध्ये जॉबर उभा असे. भरती त्याच्या हाती, बढती त्याच्या हाती, आणि बोलणेही त्याच्याच तोंडून. 1931 सालच्या रॉयल कमिशनने ही पद्धत वाईट म्हणून सांगितले. मग 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने काय केले? एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना. कामगारांच्या वतीने बोलायचे ते तिने. 1982 च्या 18 जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले तेव्हा मागणी पगाराची होती, तशीच हा कायदा रद्द करण्याचीही होती. इतक्या माणसांनी ज्याला आपले तोंड मानले त्याच्याशी बोलायला कायद्याने मालक बांधलेले नव्हते, आणि ज्याच्याशी बांधलेले होते त्याचे कामगार ऐकत नव्हते. त्या संपात कोण चुकले यावर गिरणगावातल्या घराघरांत अजून भांडणे होतात. परंतु अडीच लाख माणसांचा आवाज एका ठरावीक नळीतूनच ऐकायचा, हा हट्ट कोणाच्याच कामी आला नाही, एवढे तरी कबूल व्हावे. गेटावर लाउडस्पीकर लावून बोलणारे आमच्याकडचे पुढारीही मी पाहिले. त्यांनाही ऐकायला वेळ नव्हता.

आणि कारकून? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी वर्क्स कमिटीची तरतूद होती : कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नकोत, दोघांनी बसून रोजच्या कुरबुरी मिटवाव्यात. 2020 साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती समिती आहे, आणि वीस कामगारांच्या वर गाऱ्हाण्यांसाठी वेगळी समिती आहे. स्थायी आदेशांची मर्यादा मात्र तीनशे कामगारांवर नेऊन ठेवली. म्हणजे आमच्यासारख्या दोनशे साठांच्या कारखान्याला दाराशी फळा लावायचेही बंधन उरले नाही. असो. आमच्याकडे वर्क्स कमिटी होती. तिची बैठक दर महिन्याला होत असे, माझ्या वहीत. विषय मीच सुचवी, चर्चा मीच लिही, आभार मीच मानी आणि सह्या गोळा करी. 1994 च्या जानेवारीच्या बैठकीत, इतिवृत्ताप्रमाणे, कँटीनच्या चहाच्या दर्जावर सविस्तर चर्चा झाली. त्याच आठवड्यात सहा नंबरचे बटण अडकत होते. त्या खोलीत खरोखरच पाच कामगार बसलेले असते तर त्यांतला एक जण तरी चहा बाजूला ठेवून बोलला असता, हे मला वहीत लिहिताना सुचले नाही.

चिरंजीवांना मी एवढेच मागतो. आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, मॅनेजरला बरोबर न घेता त्या बावीस पायऱ्या उतरून प्रेसखात्यात यावे, आणि अर्धा तास बोलू नये. जे ऐकाल ते ज्याच्या त्याच्या भाषेत, मराठीत, हिंदीत, गरज तर ओडियात, त्याच दरवाजाशी फळ्यावर लिहावे, आणि शेजारी लिहावे की केव्हा करणार, किंवा करणार नाही आणि का नाही. समितीची वही कारकुनाकडून काढून कामगाराच्या हाती द्यावी. आणि तुमच्या वडिलांनी भर मीटिंगमध्ये जे एक वाक्य उच्चारले होते, ते तितक्याच लोकांसमोर, तितक्याच मोठ्याने मागे घ्यावे. ते वाक्य तुमच्या कारखान्यात अजून फिरते आहे. गेल्या वर्षी लागलेल्या पोरांनाही ते पाठ आहे, शेजारचा फिटर सांगतो.

तो नेवाळीचा मुलगा आता मुलगा राहिलेला नाही. त्याची पोरगी कॉलेजात जाते. कंपनीने त्याला काढले नाही, स्टोअरमध्ये बसवले, हे खरे आणि ते स्मरणिकेत येणारच आहे. मला स्टेशनाच्या पुलावर भेटला तर उजवा हात खिशातून काढून नमस्कार करतो. मागल्या महिन्यात म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही लिहिणार म्हणे आपल्या कंपनीवर?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मी फोरमनला सोमवारीच सांगितलं होतं, ते लिहा."

निवृत्त होताना मी त्या चार कागदांच्या नकला घरी आणल्या होत्या. त्या पाकिटात घालून परवा स्मरणिकेच्या पत्त्यावर पाठवल्या आहेत. सोबत चिठ्ठी जोडली, की विषय आपणच दिलेला, शब्द पाचशेच्या आत.